पायऱ्यांनी उतरलेल्या बाई

बाई काही बोलण्याआधी समोरच्या बाईमाणसाच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवायच्या आणि ते हलकेच खाली दाबायच्या. मग म्हणायच्या, "खांदे खाली. आता सांग." शाळेतल्या मुली, भाजीवाली, स्वतःची वहिनी, यातून कुणी सुटलं नाही. पुरुषांना हात लावता येत नसे, म्हणून एसटीच्या कंडक्टरला त्या नुसतं तोंडानं सांगायच्या, "खांदे खाली घ्या जी. दिवसभर असेच वर ठेवाल तं संध्याकाळी मान दुखन." कंडक्टर तिकीट फाडता फाडता खांदे खाली घ्यायचा. हे वाचताना तुमचेही खांदे थोडे वरच असतील. जरा पाहा. आपण काहीतरी घट्ट धरून बसलोय हे आपल्याला कुणी सांगेपर्यंत कळत नाही.

ही सवय त्यांना एका खेळानं लावली होती. त्या खेळाचं नाव आमच्या भंडारा जिल्ह्यात त्यांच्या आधी कुणी घेतलं नसावं. स्केलेटन. डोंगरावरून वळणं घेत उतरणारी बर्फाची लांबच लांब पन्हळ असते आणि तिच्यातून घसरणारी एक बुटकी, जड स्लेड. तिला ना ब्रेक, ना सुकाणू. धावत येऊन तिच्यावर पालथं पडायचं, डोकं पुढं, पाय मागं, हात अंगाशी, आणि हनुवटी बर्फापासून चार बोटांवर ठेवून मोटारगाडीपेक्षा जोरात खाली यायचं. आणि हे शिकायचं कुठं, तर जिथं उन्हाळ्यात डांबर चपलेला चिकटतं अशा गावात. आम्ही बर्फ पाहिला होता तो रसवंतीवर किंवा गोळ्याच्या गाडीवर.

बाई आमच्याकडच्या शहापूरच्या एका शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. राहायच्या भंडाऱ्यात, मोठ्या भावाकडे. घर विणकरांचं. पुढच्या खोलीत भावाचा हातमाग दिवसभर खडखडायचा, त्यामुळे त्या घरात सगळेच जरा मोठ्यानं बोलायचे. बाईंनी लग्न केलं नव्हतं. का, ते त्यांना कुणी विचारलंच तर "राहून गेलं," एवढंच म्हणायच्या आणि विषय दुसरीकडे न्यायच्या. उंची बेताची, केस बारीक कापलेले, पायात वर्षभर बूट.

मी वरठीची. बाबा तिथल्या पोलाद कारखान्यात पाळीनं जायचे. मी भंडाऱ्याच्या कॉलेजात शिकत होते आणि शंभर मीटर धावत होते. गोंदिया जिल्हा वेगळा होऊन काही वर्षं झाली होती. बाई म्हणायच्या, "जिल्हा फुटला तेव्हा कचेरी आपल्याकडे राहिली अन् धावणाऱ्या पोट्ट्या तिकडे गेल्या." त्यात थोडं खरंही होतं. आमच्या जिल्हा स्पर्धांना शर्यत पुरी करण्यापुरत्या मुली जमायच्या आणि मी बहुतेक वेळा पहिली यायचे. एका वर्षी पवनीकडची एक मुलगी आली आणि शेवटच्या टप्प्यात माझ्या पुढं निघून गेली. मी पाण्याच्या टँकरमागं जाऊन बसले. रडत नव्हते, पण कुणाशी बोलायचं नव्हतं.

बाई आल्या, ओळख ना पाळख, आणि माझे खांदे खाली दाबले.

"पहिले तीस मीटर तू सगळ्यांच्या पुढं होती. मंग काय झालं?"

"दमली," मी म्हणाले.

"माझ्या खेळात तेवढंच धावा लागते."

"अन् नंतर?"

"नंतर झोपाचं."

मला वाटलं, बाई माझी थट्टा करताहेत. पण त्यांचा चेहरा अगदी गंभीर होता. येत्या रविवारी शहापूरच्या शाळेत ये म्हणाल्या आणि पुढच्या मुलीकडे गेल्या.

त्या रविवारी आम्ही चौघीजणी होतो. शाळा रिकामी, फळ्यावर आदल्या दिवशीचं गणित तसंच. आम्हाला वाटलं होतं, बाई आधी मैदानाला फेऱ्या मारायला लावतील. त्यांनी बाकावर बसवलं आणि स्वतःची गोष्ट सांगितली.

तरुणपणी त्याही धावायच्या. एका शिबिरात पहाडाकडचे एक प्रशिक्षक भेटले, ते या खेळासाठी दणकट पायांच्या मुली शोधत होते. बाईंना परदेशात, डोंगरातल्या एका गावी, नवशिक्यांच्या वर्गाला जायची संधी मिळाली. नवशिक्यांना कधीच थेट माथ्यावरून सोडत नाहीत. आधी अगदी खालच्या वळणावरून, मग त्याच्या वरून, असं टप्प्याटप्प्यानं वर नेतात. खालच्या टप्प्यांवर बाई चांगल्या उतरल्या. शेवटच्या दिवशी माथ्यावरून उतरायचं होतं.

"वर उभी राहिली," बाई म्हणाल्या. "हेल्मेट घातलं. दिवा हिरवा झाला. अन् मी पायऱ्यांनं खाली आली."

आमच्यातली एक हसली. मग आम्ही सगळ्याच हसलो. बाईंनी हसू दिलं. पुरतं हसून झाल्यावर त्यांनी पुढचं सांगितलं, आणि मी आजवर ऐकलेला नवशिक्यांसाठीचा सगळ्यात कामाचा सल्ला तोच आहे.

"मले पहिल्या दिवसापासूनच भेव लागत होतं. कोणी विचारलं का मी म्हणाची, फाइन, फाइन. तेव्हाच सांगितलं असतं तं त्यांनं मले अजून दोन दिवस खालीच ठेवलं असतं, अन् मंग मी वरून आली असती. भेव लागणं गुन्हा नाही वं. ते लपवून स्लेडवर झोपणं गुन्हा आहे."

शिकवणाऱ्यांनी आपल्या पदकांपासून सुरुवात केलेली मी खूप पाहिली. आपल्या माघारीपासून सुरुवात करणारी ही एकच बाई. त्या दिवशी मला त्याचं मोल कळलं नाही हे खरं, पण एवढं वाटलं, की या बाईंपुढं खोटं बोलायची गरज पडणार नाही.

शिकवण्याची त्यांची तऱ्हा अशी, की पाहणाऱ्याला ती शिकवणी वाटायचीच नाही. मैदानाच्या कडेला त्यांनी जुने पाइप जमिनीत गाडून रुळांसारखे केले होते, त्यावर एक चाकांची पाटी. एक हात पाटीवर ठेवून, वाकून, जीव खाऊन धावायचं. धानाच्या रोवण्यात, म्हणजे लावणीच्या वेळी, बाया वाकतात तशा आम्ही वाकायचो आणि बाई ओरडायच्या, "रोवणा नाही लावत आपण! पाठ सरळ, वाकणं कमरेतून!" मग उडी. उडी म्हटलेलं त्यांना चालत नसे. उडी मारली की स्लेड भरकटते. "झोपलेल्या लेकराच्या बाजूले आपण कसे झोपतो? तसं अंग ठेव," असं त्या म्हणायच्या. धावता धावता असं अंग ठेवायला शिकण्यात माझा पावसाळा निघून गेला.

दुसरी शिकवणी बाईंच्या घरच्या पडवीत. जमिनीवर फळी, तिच्यावर पालथं पडायचं, डोळे मिटायचे. बाई शेजारी मांडी घालून बसायच्या आणि त्या दूरच्या ट्रॅकची वळणं एकेक करून सांगायच्या. त्या वाटेनं त्या रोज सकाळी पायी चालल्या होत्या, म्हणून ती त्यांना घरच्या गल्लीसारखी पाठ होती. डावं वळण आलं, उजव्या गुडघ्याचा भार कमी. लांब उजवं, खांदा किंचित दाब. आता सरळ आहे, काही करू नको. हे "काही करू नको" त्यांच्या तोंडून सगळ्यात जास्त ऐकलं. नवशिका घाबरून सारखा स्लेडला वळवत राहतो, आणि जितका वळवतो तितका भिंतींवर आपटतो. पुढच्या खोलीत भावाचा माग चालू असायचा. बाई म्हणायच्या, "तो धाग्याचा धोटा पाहा. फेकताना नीट फेकला का पोचते. मधात कोणी धरत नाही त्याले."

चाकांची स्लेड वरठीच्या एका वेल्डिंगवाल्यानं बनवली. बाईंनी चित्र काढून दिलं होतं. त्याला ती गॅसची सिलिंडरं वाहायची गाडी वाटली, आणि सिलिंडर घसरून पडू नये म्हणून त्यानं आपल्या मनानं पुढं एक आडवा दांडा ठोकून दिला. माणूस भला होता. बाई म्हणाल्या, "भाऊ, इथं डोकं येते." त्यानं पाहिलं, पुन्हा चित्र पाहिलं, आणि दांडा कापून टाकला. कुणाचं डोकं, हे त्यानं विचारलं नाही.

गावाबाहेर एका टेकडीवर देऊळ आहे, तिथून खाली येणारा डांबरी रस्ता आमचा ट्रॅक. उजाडता उजाडता जायचो. बाई खालच्या वळणावर लाल फडकं घेऊन उभ्या राहायच्या, म्हणजे कुणी येत असेल तर थांबवता येईल. एकदा मी उतार संपवून खालच्या सपाटीवर तशीच पालथी पडून दम घेत होते, तेवढ्यात आडव्या रस्त्यानं पहिली एसटी आली. ड्रायव्हरला रस्त्यात पडलेली पोरगी दिसली. गाडी थांबली, माणसं उतरली, आणि मी उठायच्या आत एका म्हातारीनं माझ्या तोंडावर तांब्याभर पाणी मारलं. बाई धावत आल्या. त्यांनी ड्रायव्हरला सगळा खेळ समजावून सांगितला, बर्फ, वळणं, परदेश. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "अन् हे कायले?"

बाईंनी खरोखर विचार केला. मग म्हणाल्या, "मले बी नाही सांगता येत जी. पण एकदा खाली आलं का पुन्हा वर जावंसं वाटते."

"मंग बाजूनं येत जा," ड्रायव्हर म्हणाला आणि गाडीत चढला.

हळूहळू बाकीच्या तिघी गळाल्या. एकीचं लग्न ठरलं, एकीला पोलीस भरतीची तयारी करायची होती, एकीनं सरळ सांगितलं की भीती वाटते. तिला बाईंनी जवळ घेतलं आणि तिच्या घरापर्यंत पोचवून आल्या. उरले मी.

त्या हिवाळ्यात मी पडले. दुसऱ्या वळणावर चाकाखाली खडी आली, स्लेड कलली, आणि बाईंनी शंभरदा सांगितलेली गोष्ट मी विसरले. कलंडलं तरी मूठ सोडायची नाही, स्लेड धरूनच राहायचं, कारण सुटली तर तीच आपल्यावर येते. मी तोल सावरायला हात बाहेर काढला. स्लेड सुटली, रस्त्याकडेच्या दगडावर आपटून उलटली आणि माझ्या खांद्यावर आली. गळपट्टीचं हाड मोडलं.

बाबा दवाखान्यात डॉक्टरांचे कागद घडी करत बसले. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी बाई आमच्या घरी आल्या. मी आतल्या खोलीत खाटेवर होते, मधलं दार उघडं होतं. बाबांनी त्यांना खुर्ची दिली आणि सांगितलं, की पोरगी सरळ रस्त्यानं धावत होती ते चांगलं होतं, तिला नोकरी लागली असती, आता हे बास करा. बाईंनी मान डोलावली. मग बाबांनी विचारलं, "पुन्हा लागणार नाही असं तुम्ही सांगता काय, मॅडम?"

मला वाटलं, बाई आता सांगतील, बर्फावर असं होत नाही, चाकांमुळे झालं, पुढं काळजी घेऊ. कुणीही हेच सांगितलं असतं.

"नाही सांगत, भाऊ," बाई म्हणाल्या. "या खेळात लागते. मी एवढंच सांगते, का ती नको म्हणाली तं मी तिले कधीच ढकलणार नाही. अन् तुम्ही नको म्हणाल तं आजपासून बंद."

बाबांनी "नको" म्हटलं नाही. "बरं," म्हणाले, आणि चहा ठेवायला सांगितला. त्या "बरं"चा अर्थ आमच्या घरात काहीही होऊ शकत असे.

त्यानंतर बाई शाळा सुटल्यावर शहापूरहून वरठीला यायला लागल्या. आधी एसटी, मग ऑटो. हाताचे व्यायाम करून घ्यायच्या, आईजवळ स्वयंपाकघरात बसून वाटाण्याच्या शेंगा सोलायच्या, आईचे खांदे खाली दाबायच्या. स्लेडचा शब्द काढायच्या नाहीत. हात वर जायला लागला, मग डोक्यापलीकडे जायला लागला, तरी नाही. शेवटी मीच विचारलं, "बाई, तुम्ही विचारत काहून नाही?"

"काय विचारू?"

"मी परत येणार का म्हणून."

"ते तुझं आहे," बाई म्हणाल्या. "हात तं बरा झालाच पाहिजे ना. डबा उघडाले बी लागते."

मी तोंड भिंतीकडे केलं. मला तोपर्यंत वाटत होतं, की बाई माझ्यात त्यांची राहिलेली शर्यत पाहतात आणि म्हणून येतात. त्या दिवशी कळलं की त्या माझ्या हातासाठी येत होत्या. ते कळल्यावरच मला पुन्हा टेकडीवर जावंसं वाटलं. जबरदस्ती झाली असती तर मी गेले नसते, हे आज मी खात्रीनं सांगते.

ज्या सकाळी मी परत गेले, त्या सकाळी बाबा रात्रपाळी करून मोटारसायकल घेऊन तिथं आले. मी पडले होते त्या वळणावर जाऊन उभे राहिले. त्याआधी त्यांनी चपलेनं सगळी खडी बाजूला सारली होती. मी त्यांच्या पायाजवळून खाली गेले. नंतर ते उतरून आले, पाण्याची बाटली माझ्या हातात दिली आणि झोपायला घरी गेले. बाई त्यांच्या पाठमोऱ्या गाडीकडे पाहत म्हणाल्या, "तुझ्या बाबाचे खांदे लय वर होते. पण आले."

पुढं नवशिक्यांच्या वर्गासाठी माझी निवड झाली, आणि मलाही परदेशातल्या तशाच एका डोंगरातल्या गावी जायला मिळालं. भंडारा रोड स्टेशनच्या फलाटावर बाईंचा सल्ला गाडी येईपर्यंत चालू होता. सुती मोजे बिलकुल घालू नको. पहिले काही दिवस तुले धावूच देणार नाहीत, प्रशिक्षक नुसता ढकलून देईल, तर वर्षभर धावले ते फुकट गेलं म्हणून तोंड पाडू नको. रोज सकाळी ट्रॅक पायी चाल, बाकीचे चालोत न चालोत. कोपरं निळी होतील, ते सगळ्यांचंच होतं. वळणात डोकं आपोआप बर्फाकडे ओढलं जाईल, त्याच्याशी भांडू नको. पोटात काही असू दे, पण पोटभर नको. बोगीच्या दारात मी चढल्यावर त्यांनी शेवटचं सांगितलं, "तुझी वेळ मले सांगू नको. कोणत्या वळणावर खांदे वर गेले ते सांगजो."

बर्फाबद्दल बाईंनी सगळं सांगितलं होतं, फक्त आवाज सांगितला नव्हता. कदाचित सांगता येत नसेल. टिनाच्या छपराखाली बसलेलं असताना गारांचा मारा सुरू व्हावा तसा तो हेल्मेटच्या आत भरतो. पहिल्या उताराला मी फक्त तो आवाज ऐकला, बाकी काही कळलं नाही. खाली आल्यावर हसत होते असं तिथल्या लोकांनी सांगितलं. भिंतींना खूप आपटले. एका उताराला स्लेड उलटली, आणि या वेळी मात्र मी मुठी सोडल्या नाहीत. उलटी, तिरकी, बर्फावर घासत खाली आले, पण स्लेड सुटून माझ्यावर आली नाही, माझ्याबरोबर राहिली. उठून उभी राहिले तेव्हा सगळी हाडं जागेवर होती.

मग माथ्याचा दिवस आला. आदल्या दुपारी मी वर जाऊन खाली पाहिलं. पन्हळ दोन वळणांपर्यंत दिसते, मग झाडांत गडप होते. मी सरळ प्रशिक्षकांकडे गेले आणि माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, की मला फार भीती वाटते आहे. ते उंच, केस पिकलेले गृहस्थ होते. त्यांनी अगदी सहजपणे मान हलवली आणि म्हणाले, चांगलं केलंस सांगितलंस, अजून दोन दिवस खालूनच. एवढंच. कुणी हसलं नाही, कुणी नावं ठेवली नाहीत. मी बोलले ते एक वाक्य न बोलल्यामुळं एक बाई कितीतरी वर्षांपूर्वी पायऱ्यांनी उतरून गेली होती, हे त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. मी मात्र खोलीवर येऊन खूप रडले, आणि ते दुःखाचं रडणं नव्हतं.

दोन दिवसांनी मी माथ्यावरून उतरले.

परत आल्यावर पहिल्यांदा भंडाऱ्याला गेले. बाई तोवर नोकरीतून निवृत्त झाल्या होत्या. मान पूर्वीपासून दुखायची, आता त्यांना ती नीट वळवता येत नव्हती, हाक मारली की सगळं अंग वळवून बघायच्या. वहिनींनी मला पोहे दिले. बाईंनी माझे खांदे दाबले आणि सगळं विचारून घेतलं. कोणत्या वळणावर, का, मग काय केलं. बराच वेळ गेला. मग त्या उठल्या, कोपऱ्यातली फळी पडवीत आणून टाकली आणि हळूहळू, एक हात टेकत, तिच्यावर पालथ्या झाल्या.

"मले वरून आण," त्या म्हणाल्या.

मला क्षणभर उमगलं नाही. मग मी त्यांच्या बाजूला मांडी घालून बसले. आतला माग थांबला. भाऊ दारात येऊन उभे होते.

मी सांगायला लागले. माथा. थंडी. दिवा हिरवा झाला. ढकललं. पहिलं डावं, अगदी हलकं. बाईंचा गुडघा फळीवर जरासा हलला. मग उजवं. मग लांब डावं, तिथं डोकं ओढलं जातं. बाईंची हनुवटी फळीकडे झुकली. सरळ आहे, काही करू नका, बाई. त्यांनी काही केलं नाही. मी एकही वळण गाळलं नाही, घाईही केली नाही. शेवटी चढ लागतो तिथं स्लेड आपोआप मंदावते. तिथपर्यंत आणलं आणि थांबले.

बाई तशाच पडून राहिल्या. पाठ श्वासानं वरखाली होत होती.

"आली का मी खाली?"

"आल्या, बाई."

"पायऱ्यांनं नाही ना?"

"नाही."

मग त्या हसायला लागल्या, तोंड फळीवर तसंच ठेवून, आणि वहिनी आतून बघायला आल्या की नणंदेला झालं तरी काय.

पुढच्या हिवाळ्यात मी पुन्हा बर्फावर होते. एका सकाळी बाईंच्या भावाचा फोन आला. ताप आला होता, अंगावर काढला, आणि आदल्या दिवशी सकाळी उठल्याच नाहीत. वैनगंगेवर अंत्यसंस्कारही झाले होते. भाऊ बोलताना मागं मागाची खडखड नव्हती. मी काय बोलले ते आठवत नाही. वहिनींना जपा म्हणाले असेन.

प्रशिक्षक म्हणाले, आज विश्रांती घे. मी त्यांना खरं तेच सांगितलं, की मला आज भीती नाही, मला उतरायचं आहे. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मी ट्रॅक खालून वर पायी चालले, प्रत्येक वळणाला हात लावत. मग माथ्यावरून उतरले. चांगली उतरले का वाईट, माहीत नाही. मी वेळ पाहिली नाही.

शेवटच्या चढावर स्लेड थांबली, तरी मी उठले नाही. गाल बर्फावर टेकून पडून राहिले. तिथं खाली आलेल्या स्लेडी उचलून गाडीत भरणारा एक वयस्कर माणूस असतो. तो लगबगीनं आला, वाकला आणि त्याच्या भाषेत विचारू लागला. लागलं का, असंच विचारत असणार.

"काही नाही जी," मी म्हणाले. "आमच्या बाई गेल्या."

त्याला एक अक्षर समजलं नसणार. पण त्यानं स्लेड उचलून नेली नाही. हातमोजे काढून खिशात घातले आणि मी उठेपर्यंत माझ्या शेजारी बर्फात गुडघे टेकून बसून राहिला.